बालाघाटची शेती आणि उसाचा कोयता

बीड जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास सांगावयाचा म्हटले, की जो विषय टाळता येत नाही, तो आज आपल्यापुढे मांडणार आहे. दसरा उलटला की बालाघाटच्या वाड्यावस्त्यांवरील घरांना कुलपे लागू लागतात. धडधाकट माणसे नगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, काही तर थेट कर्नाटकात ऊस तोडावयास जातात आणि उन्हाळ्यात परततात. हे असे का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘इकडे पाऊस नाही.’ हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. साताऱ्याचे माण आणि खटाव हे तालुकेही असेच कोरडे. तेथील माणूस मात्र मुंबईच्या गिरणीत गेला. दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो, एवढेच खरे. तो कोठे जाईल आणि कोणत्या अटींवर जाईल, हे ठरविणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात. त्या शोधावयाच्या तर इतिहासाकडे वळले पाहिजे.

प्रथम भूमी पाहू. या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. गेवराई, माजलगाव, परळी यांचा गोदाकाठ म्हणजे गंगथडी. येथील काळी, खोल जमीन पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई ही पिके उभी राहतात. म्हणजे हिवाळ्यातही हाताला काम असते. दुसरा भाग घाटमाथ्याचा : पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी आणि आष्टी-केजचा डोंगराळ पट्टा. येथील जमीन मुरमाड आणि उथळ. मृगात बाजरी पेरावी, दिवाळीच्या आत ती घरात आणावी, की शेत मोकळे आणि शेतकरीही मोकळा. आठ महिने हात रिकामे ठेवणारी ही शेती आहे. ऊसतोडीला जाणारी गावे मुख्यतः याच पट्ट्यात दाट आहेत, हा योगायोग नव्हे.

आता सरहद्दीकडे वळू. १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या राज्याचा भाग होता आणि पलीकडचा नगर जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्याचा. मध्ये करोडगिरीचे नाके होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दख्खनमध्ये कालव्यांचे काम नेटाने हाती घेतले. हेतू असा, की पाऊस चुकला तरी ज्वारी-बाजरी वाचावी. पण व्यवहारात निराळेच घडले. पाऊस बरा झाला की जिराइत शेतकरी कालव्याचे पाणी घेईना, आणि पाणीपट्टीवाचून कालवा तोट्यात जाऊ लागला. तेव्हा बारमाही पाणी घेणाऱ्या उसाकडे सरकारची दृष्टी गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत घातली. तिने शेतकऱ्याला ठरावीक क्षेत्रासाठी अनेक वर्षे पाण्याची हमी मिळाली आणि सरकारला उत्पन्नाची. १९२६ मध्ये प्रवरेवरील भंडारदरा धरण पुरे झाले. १९३२ मध्ये देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले. दुष्काळ निवारण्यासाठी काढलेले पाणी अशा रीतीने साखरेचे पाणी झाले.

अलीकडे काय चालले होते? मांजरा नदी आपल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते. पण तिच्यावरचे पहिले मोठे धरण, निजामसागर, १९३१ मध्ये पुरे झाले ते खाली तेलंगणात. उगमाकडच्या गावांना त्याच्या एका थेंबाचाही लाभ नव्हता. म्हणजे सरहद्दीच्या एका बाजूस पाणी व भांडवल, आणि दुसऱ्या बाजूस उथळ जमीन व रिकामे हात, अशी मांडणी स्वातंत्र्यापूर्वीच झाली होती.

१९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या कामाचे मोल मोठे आहे. कारखान्याचा मालक शेतकरी झाला. मात्र मालकीची ती व्याख्या ऊस पिकविणाऱ्यापाशी थांबली. ऊस तोडणारा तिच्यात आला नाही. आणि तोडणाऱ्यावाचून तर कारखान्याचे पानही हलत नाही. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने घटत जाते, म्हणून तो शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. त्यासाठी रात्री-अपरात्री फडात उतरणारी, गाडी भरून देणारी माणसे हाताशी हवीत, आणि तीही गळिताच्या पाच-सहा महिन्यांपुरतीच. कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्याच वेळी घाटमाथ्याचे शेत मोकळे होते. दोन पंचांगे अशी तंतोतंत जुळली.

ही वाट हळूहळू रुळत होती. १९७२ च्या दुष्काळाने तिचा हमरस्ता केला. त्या वर्षी लोकांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, परदेशची मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. देशात असे प्रथमच घडले. तरीही बालाघाटचा माणूस तोडीला जातच राहिला. हमीचे काम दारात असताना तो दूर का जातो?

माझ्या मते उत्तर ‘उचल’ या एका शब्दात आहे. रोजगार हमीचा पैसा काम केल्यावर मिळतो. मुकादमाची उचल कामाच्या आधी मिळते. लेकीचे लग्न, आजारपण, बियाण्याचा खर्च, मागची देणी हे सारे पावसाळ्यातच दारात उभे असते. एकोणिसाव्या शतकात या वेळी सावकार पुढे येई. तो जमीन तारण घेई. १९०४ नंतर सहकारी पतपेढ्या आल्या, पण त्यांचीही पत जमिनीवर आणि पिकावर बेतलेली. मुरमाड चार एकरांवर मिळून मिळून काय मिळणार? मुकादम मात्र जमीन पाहत नाही, दोन माणसांचे हात पाहतो. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ ही येथील मोजणीच काय ते सांगते. दोघांचे येणारे श्रम हेच तारण. म्हणून ऊसतोड ही नुसती मजुरी नाही. घाटमाथ्याची ती पतपेढी आहे, आणि तिचे व्याज अंगमेहनतीने फेडावे लागते. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम.

या व्याजाचा हिशेब करून पाहू. २०२४ च्या आरंभी तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दोघांनी पहाटेपासून खपून दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. खाडा झाला की दंड. या धास्तीने दुखणे अंगावर काढले जाते. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. मुलांची शाळा भर हंगामात तुटते, ती अनेकांची पुन्हा जुळत नाही.

पुढे पाणी आपल्याही दारी आले. सिंदफणेवर माजलगावचे, मांजरेवर धनेगावचे धरण झाले, आणि त्यांच्या भोवती ऊसच उभा राहिला. २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. नीरेकाठी शतकापूर्वी जे झाले, तेच येथे अधिक कोरड्या भूमीवर घडले. आज उसाचा कोणताही भाग वाया जात नाही : रसाची साखर होते, मळीचे इथेनॉल, चिपाडाची वीज, गाळाचे खत. या मोठ्या व्यवहारात मजुरीपलीकडे तोडणाऱ्याच्या वाट्याला येतात ती फक्त वाढी. ती विकून बाया मीठमिरची आणतात.

यावर उपाय काय? मुळातला हेतूच आठवावा, असे मला वाटते. उसाला जितके पाणी लागते, त्याच्या थोड्याशा भागात ज्वारी-हरभऱ्याला वेळेवर दोन पाळ्या देता येतात आणि क्षेत्र कितीतरी अधिक भिजते. घाटमाथ्यावर माती अडविली, पाणी जिरविले, तर उथळ जमिनीतही दुसऱ्या पिकाची आशा धरता येते. डोंगरातील सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कमी पाण्यावर पैसा देणारे झाड आपल्याच रानात आहे. पण या सर्वांआधी श्रावण-भाद्रपदात, माणूस गहाण न ठेवता, हाती पडणारे कर्ज हवे. ते मिळाल्यावरही काहीजण तोडीला जातील, आणि खुशाल जावेत. मग मात्र दर, दवाखाना आणि मुलांची शाळा यांविषयी त्यांना मुकादमाशी मोकळ्या तोंडाने बोलता येईल. आज उचल घेतलेल्या माणसाला ते बोलता येत नाही.