दुसऱ्या क्रमांकाचे पद आणि बीड जिल्हा

उपमुख्यमंत्रिपदाचा उल्लेख राज्यघटनेत नाही. अनुच्छेद 163 आणि 164 मध्ये मुख्यमंत्री व मंत्री एवढेच येतात. उपमुख्यमंत्री हा कायद्याच्या दृष्टीने अन्य मंत्र्यांसारखाच एक मंत्री, आणि त्याला या नावाने नेमण्यात घटनाभंग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार मतदानाआधी जाहीर करतो आणि मतदार दोघांना एकत्रच निवडतो. महाराष्ट्रात हा जोडीदार निकालानंतर, मित्रपक्षांच्या बैठकांत ठरतो. त्यामुळे मतदान आटोपल्यावरच त्याच्या नावावरचे तर्कवितर्क रंगात येतात.

हे पद राज्यात आले ते 1978 मध्ये, बहुमताच्या अडचणीतून. फेब्रुवारीच्या निवडणुकीत 288 पैकी जनता पक्षाला 99 जागा मिळाल्या. दुभंगलेल्या काँग्रेसपैकी एका गटाला 69, तर इंदिरा काँग्रेसला 62. एकमेकांविरुद्ध लढलेले हे दोन गट सत्तेसाठी एकत्र आले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील झाले आणि इंदिरा काँग्रेसचे, विदर्भातले नासिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. दोन गटांतला अविश्वास मात्र मिटला नाही. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले. त्यांच्याबरोबर राजीनामा देणाऱ्या मंत्र्यांत बीड जिल्ह्याचे सुंदरराव सोळंके होते. 18 जुलै 1978 रोजी पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि सोळंके उपमुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त होईपर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले. जिल्ह्यातल्या तेलगावचा सहकारी साखर कारखाना आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पुढे 1983 ते 1985 या काळात रामराव आदिक उपमुख्यमंत्री होते. त्यानंतर दहा वर्षे हे पद रिकामे राहिले.

1995 मध्ये युतीला सत्ता मिळाली. शिवसेनेचे 73, भाजपचे 65 आमदार; ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री, या सूत्राने मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. बीडला हा मान दुसऱ्यांदा मिळाला. मुंडे यांच्याकडे गृहखाते होते, आणि या पदाचे खरे वजन तिथेच कळते. उपमुख्यमंत्री या नावाला स्वतंत्र अधिकार नाहीत. पोलीस किंवा तिजोरी हाती असेल तरच शब्दाला किंमत. पुढे छगन भुजबळ आणि आर. आर. पाटील यांच्याकडेही हे पद गृहखात्यासह आले. 2004 मध्ये राष्ट्रवादीचे 71 आमदार असूनही 69 आमदारांच्या काँग्रेसला मुख्यमंत्रिपद देण्यात आले, त्या बदल्यात राष्ट्रवादीने जादा मंत्रिपदे घेतली. म्हणून नावाच्या चर्चेपेक्षा खातेवाटपाची चर्चा अधिक बोलकी असते.

सत्तास्थापनेच्या या चर्चांशी बीडचा आणखी एक योग जुळतो. बीड तालुक्यातल्या कपिलधारला मन्मथ स्वामींच्या समाधीपाशी कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणातूनही वीरशैव लिंगायत भाविक येतात. अलीकडे विधानसभा निवडणुकीच्या वर्षी ही यात्रा सत्तेच्या घडामोडींच्या ऐन भरात येते. 2014 मध्ये पौर्णिमेच्या दिवशी, 6 नोव्हेंबरला, देवेंद्र फडणवीस यांचे सरकार स्थापन झालेले होते, पण शिवसेना त्यात येणार का हे ठरले नव्हते. ती डिसेंबरमध्ये आली, उपमुख्यमंत्रिपदाशिवाय. 2019 मध्ये यात्रेच्याच दिवशी, 12 नोव्हेंबरला, राष्ट्रपती राजवट लागली. 2024 मध्ये पौर्णिमा 15 नोव्हेंबरला आणि मतदान 20 ला होते.

या पदाविषयीचे अंदाज सर्वांत जास्त चुकले ते 30 जून 2022 रोजी. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होणार असे सर्वत्र धरले जात होते. दुपारी त्यांनी एकनाथ शिंदे यांचे नाव जाहीर केले, आपण सरकारबाहेर राहू असे सांगितले, आणि संध्याकाळी पक्षश्रेष्ठींच्या आदेशावरून उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. नोव्हेंबर 2024 च्या निकालानंतर शिंदे दुय्यम पद घेतील का, हा प्रश्न 5 डिसेंबरच्या शपथविधीला काही तास उरेपर्यंत चर्चेत होता. त्यांनी ते घेतले. गृहखाते मात्र फडणवीसांकडेच राहिले.

दुसऱ्या क्रमांकाची व्यक्ती आपोआप पहिल्या क्रमांकावर जाते, हा समज महाराष्ट्रात खरा ठरलेला नाही. जानेवारी 1999 मध्ये जोशी यांनी राजीनामा दिला तेव्हा मुख्यमंत्रिपद शिवसेनेच्याच वाट्याचे असल्याने नारायण राणे यांना मिळाले, मुंडे उपमुख्यमंत्रीच राहिले. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री कोणाचा यावरून युतीची बोलणी लांबली आणि ऑक्टोबरमध्ये काँग्रेसचे विलासराव देशमुख शपथ घेऊन मोकळे झाले. मराठवाड्यात नांदेड आणि लातूरने मुख्यमंत्री दिले; बीडला उपमुख्यमंत्रिपद दोनदा मिळाले, मुख्यमंत्रिपद एकदाही नाही. 2024 पर्यंत उपमुख्यमंत्रिपदावरून पुढे मुख्यमंत्री झालेले एकटे फडणवीस, आणि तेही त्याआधी मुख्यमंत्री राहून आलेले.