ट्रॅव्हल ट्रेलरची जमीन बदलणे

मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा न्हाणीघराचीही सोय असलेले चाकांवरचे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत बनलेले असे कितीतरी ट्रेलर आजही रस्त्यावर आहेत. ते विकत घेऊन नव्याने उभे करणाऱ्या हौशी मंडळींच्या वाट्याला येणारे सर्वांत जिकिरीचे काम जमिनीचे. राहत्या घरातली फरशी उखडली तरी भिंतींना त्याचे सोयरसुतक नसते. ट्रेलरमध्ये मात्र जमीन हा सांगाड्याचा भाग असतो. ती कुजली की भिंतींचा आधार जातो आणि सगळा डोलारा चौकटीवर सैल पडतो.

रचना : सर्वांत खाली पोलादी चौकट, म्हणजे चासी. तिच्या आडव्या पट्ट्यांवर साधारण १६ ते १९ मिमी जाडीचे प्लायवूड बोल्टने आवळलेले असते आणि त्यावर लिनोलियम, टाइल किंवा गालिचा. चासीच्या खालून बऱ्याच ट्रेलरांना पत्र्याचे पोट असते व पोट आणि प्लायवूड यांच्यामध्ये उष्णतारोधक ग्लासवूल भरलेली असते. शास्टा कंपनीच्या ट्रेलरांसारख्या लाकडी सांगाड्याच्या लहान गाड्यांत भिंतींच्या पट्ट्या जमिनीच्या कडेलाच ठोकलेल्या असतात. पुढच्या काळातल्या काही ट्रेलरांत जमीन फोमच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लाय चिकटवून केलेली आढळते. तिचे पापुद्रे सुटले की ती पायाखाली दबते आणि तिला ठिगळ लावणे सहसा फळत नाही.

कुजण्याची कारणे : पाणी जवळजवळ नेहमी वरून येते. छतावरच्या झडपा, खिडक्यांच्या चौकटी, मागचे दिवे, पत्र्यांचे सांधे यांतले सीलंट उन्हाने तडकते. तिथून शिरलेले पाणी भिंतीच्या आतून उतरत जमिनीच्या कडेला थांबते. त्यामुळे मधला भाग खणखणीत आणि कडा मात्र भुसभुशीत, असे चित्र दिसते. ग्लासवूल भिजली की महिनोन्‌महिने वाळत नाही. उंदीर याच जागी घरटी करतात आणि त्यांच्या मुताने पोटाचा पत्राही खाल्ला जातो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला पुरेसे होते. म्हणून तपासणी टोच्याने कडेकडेने करावी : कपाटांच्या आत, पाण्याच्या टाकीजवळ, दारापाशी आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत. गालिच्यावरून चालून काही कळत नाही.

एअरस्ट्रीमचे उदाहरण : वॉली बायम यांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचे रिव्हेट मारलेले अ‍ॅल्युमिनियमचे ट्रेलर ओहायोतल्या जॅक्सन सेंटर येथे बनतात. १९५९ साली बायम असे ट्रेलर घेऊन केपटाउनहून कैरोकडे निघालेल्या काफिल्याचे म्होरके होते. इतक्या दणकट समजल्या जाणाऱ्या या गाडीचा दुबळा भाग नेमका जमिनीच्या कडेला आहे. कवचाची खालची कड अ‍ॅल्युमिनियमच्या एका पन्हळीत बसते; पन्हळ प्लायवूडवर आणि प्लायवूड चासीवर. तिघांना एकत्र धरणारे बोल्ट प्लायवूडमधून आरपार गेलेले असतात. मधले लाकूड कुजले की बोल्ट असूनही धरायला काही उरत नाही. मागच्या टोकाला चासी खाली वाकते, कवच वर राहते. मागच्या बंपरवर उभे राहून अंग झोकले आणि बंपर व कवच यांच्यातली फट हलताना दिसली, तर हा विकार जडला आहे असे समजावे. एरवी सौदा ठरवणाऱ्या चकाकत्या पत्र्यापेक्षा ही दोन मिनिटांची तपासणी जास्त सांगून जाते.

अशा ट्रेलरची पूर्ण जमीन बदलण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कवच जागेवर ठेवून आतले पत्रे खालून सोडवतात, कुजके प्लायवूड तुकड्यातुकड्याने काढतात आणि नवे तुकडे पन्हळीखाली सरकवतात. दुसरीत कवच चासीपासून मोकळे करून लाकडी घोड्यांवर उचलून धरतात व चासी खालून ओढून बाहेर काढतात. पहिली रीत स्वस्त वाटते; पण गोलाई असलेल्या टोकांना अखंड शीट आत जात नाही आणि सांधे वाढतात. कूज चारी बाजूंनी फिरली असेल, तर कवच उचलणेच शेवटी सोपे पडते. गंजलेली चासी उघड्यावर घासता, वेल्डिंग करता आणि रंगवताही येते.

कामाचा क्रम : आधी गळती बंद करायची. नळीने पाणी मारून, खालून सुरुवात करून वर जात, प्रत्येक सांधा तपासतात. मग गॅसची टाकी व बॅटरी सोडवून, चाकांना ओट लावून, चासी समपातळीत टेकूंवर घेतात. चौकट तिरकी असताना नवी जमीन आवळली तर तो पीळ कायमचा राहतो. जुने प्लायवूड कितीही कुजके असले तरी त्याची आकृती पुठ्ठ्यावर उतरवल्याशिवाय टाकू नये. नव्या शीटच्या कडा आणि भोके इपॉक्सीने बंद करतात, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा कडेतून जास्त शिरते. टिकाऊ म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड वापरण्याचा मोह इथे टाळावा. ते क्षार ओलीत अ‍ॅल्युमिनियम खातात. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथेही मध्ये रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी हवी.

अ‍ॅस्बेस्टॉस : १९८० पूर्वीच्या ट्रेलरांतल्या ९ इंची चौरस टाइलांत आणि त्यांखालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. खालचे लाकूड शाबूत असेल तर त्या टाइला न हलवता वरून नवे आच्छादन घालणे हाच शहाणपणा. काढाव्याच लागल्या, तर आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतात. घासणे, तासणे, कोरडे झाडणे यांपैकी काहीही करू नये.

वरचे आच्छादन : इथे निर्णय वजनावर ठरतो. १६ फूट लांबीच्या ट्रेलरची जमीन सुमारे ११ चौरस मीटर भरते. सिरॅमिक टाइल चिकट मसाल्यासह चौरस मीटरला २० किलोच्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे किलोंचा बोजा. शिवाय रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधे उलतात. व्हिनाइलचा अखंड पत्रा चौरस मीटरला जेमतेम तीन किलोंचा. एकमेकांत अडकणाऱ्या व्हिनाइल फळ्या दिसायला छान, पण बंद ट्रेलरमध्ये हिवाळा-उन्हाळ्याच्या तापमानात त्या आकसतात, फुगतात; कडेला फट सोडावी लागते आणि त्यांच्यावर कपाटे ठेवून चालत नाही. कपाटे व पलंग थेट प्लायवूडमध्ये बोल्टने बसवून मग आच्छादन घालायचे, कारण धावत्या गाडीत सुटे सामान म्हणजे अपघात. सरकून बाहेर येणारी खोली असलेल्या ट्रेलरांत जाडी वाढली की खोलीची चाके नव्या जमिनीला घासतात.

जुना ट्रेलर घेताना नव्याकोऱ्या व्हिनाइलची किंमत शून्य धरावी. विकणाऱ्याकडे उघड्या चासीची आणि नव्या प्लायवूडची छायाचित्रे असतील तरच जमीन बदलली असे मानावे. नसतील तर किंमत ठरवण्यापूर्वी कपाटाच्या आत, कोपऱ्यात टोचा मारण्याची परवानगी मागावी, आणि ती मिळाली नाही तर सौदा सोडावा.