जोड्या जमविणारी एमा

लग्ने जुळविण्याची हौस फार जुनी आहे. आपल्याकडील कोणत्याही आळीत डोकावून पाहा. उपवर मुलगी दृष्टीस पडताच जिला एखादे स्थळ आठवते, अशी एखादी काकू किंवा मावशी तेथे असावयाचीच. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शारदा’ नाटकातला भद्रेश्वर दीक्षित हाही लग्नेच जुळवितो. पण त्याची गोष्ट निराळी. तो पैशावर डोळा ठेवणारा दलाल आहे, आणि म्हणूनच त्याला ओळखणे सोपे जाते. खरी पंचाईत होते ती निर्लोभ मध्यस्थाची. ज्याला स्वतःसाठी काहीच मिळवावयाचे नाही, ज्याच्या मनात केवळ दुसऱ्याचे कल्याण आहे, त्याला अडवावयाचे तरी कोणी आणि कसे?

अशाच एका निर्लोभ मध्यस्थ तरुणीची कथा जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेने ‘एमा’ या कादंबरीत सांगितली आहे. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने ती डिसेंबर १८१५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला होता. इकडे जुलैमध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाला आणि पेशवाईच्या शेवटच्या अंकाला आरंभ झाला. या घडामोडींची चाहूलसुद्धा कादंबरीत नाही. लंडनपासून सोळा मैलांवरचे हायबरी नावाचे एक कल्पित खेडे, त्यातली पाच-सहा घरे आणि त्या घरांतील लग्ने, एवढाच तिचा विषय. तरीही त्या काळातील इंग्रज स्त्रीचे आयुष्य कशावर उभे होते हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने या पुस्तकाकडे दस्तऐवज म्हणूनही पाहावे.

एमा वुडहाउस ही या खेड्यातील सर्वांत मोठ्या घरची धाकटी मुलगी. वय एकवीसच्या आत, आई लहानपणीच गेलेली, वडील प्रेमळ पण सदा प्रकृतीच्या काळजीत. घराची सर्व सूत्रे हिच्या हाती आणि हिच्या नावावर तीस हजार पौंडांचे स्त्रीधन. तिची शिक्षिका मिस टेलर हिचे वेस्टन नावाच्या भल्या गृहस्थाशी लग्न झाले आणि ते आपणच जुळविले असे एमाने ठरवून टाकले. वस्तुतः तिने केवळ अंदाज केला होता आणि तो खरा ठरला होता. शेजारचे जमीनदार नाइटली यांनी हा फरक तिला स्पष्ट सांगितला. पण एकदा यशाची चव लागलेला मध्यस्थ कोणाचे ऐकतो?

तिची पुढची निवड म्हणजे हॅरिएट स्मिथ. सतरा वर्षांची, देखणी, साधीभोळी मुलगी, परंतु अनौरस. बाप कोण हे कोणास ठाऊक नाही. कोणीतरी तिच्या राहण्याचे पैसे गावातील शाळेत भरीत असे, इतकेच. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने अनौरस अपत्य हे ‘कोणाचेच नव्हे’. वारसाहक्काने त्याला काही मिळत नसे. अशा मुलीला रॉबर्ट मार्टिन या चोवीस वर्षांच्या शेतकऱ्याने मागणी घातली. तो नाइटलींचे कूळ होता, पण कूळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो गांजलेला माणूस उभा राहतो, तसा तो नव्हे. युद्धकाळात धान्याचे भाव चढलेले होते, आणि १८१५ च्या धान्य कायद्याने परदेशी गव्हालाही बांध घातला होता. मार्टिनच्या घरी दोन बैठकीच्या खोल्या होत्या, आठ गाई होत्या, त्याच्या लोकरीला साऱ्या परगण्यात चढा भाव मिळे. आणि हॅरिएटला अक्रोड आवडतात म्हणून तो एकदा तीन मैल पायपीट करून आला होता.

त्याचे मागणीचे पत्र एमाने वाचले. ते इतके सरळ आणि सभ्य होते की त्याच्या बहिणीने मदत केली असावी, अशी शंका तिला आली. तरीही तिने हॅरिएटकडून नकार लिहवून घेतला. ‘मी सल्ला देणार नाही’ असे म्हणत म्हणत तिने तो सल्ला दिला. हॅरिएट एखाद्या मोठ्या माणसाचीच मुलगी असणार असे तिने मनाशी ठरविले होते, आणि तिच्यासाठी गावचे धर्मोपदेशक एल्टन यांना ती मनात धरून बसली होती. मार्टिनच्या वर्गाविषयी एमाने जे म्हटले आहे ते मोठे बोलके आहे. त्याहून खालच्या स्थितीतील लोकांना निदान मदत तरी करता येते, पण या स्वावलंबी शेतकऱ्यांना आपली गरजच पडत नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय. परोपकाराला पुष्कळदा समोरचा माणूस खालच्या पायरीवर उभा असलेलाच लागतो.

आता या नकाराने हॅरिएटचे काय गमावले, ते पाहावयाचे तर त्या काळचा कायदा आणि व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. विवाह होताच पत्नीची रोकड आणि जंगम मालमत्ता पतीची होई. ही स्थिती पालटण्यास १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. १८५७ पूर्वी पूर्ण घटस्फोट हवा असेल तर त्यासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, म्हणजे तो श्रीमंतांखेरीज कोणाला साधण्यासारखा नव्हता. चुकीचे लग्न ही आयुष्यभराची शिक्षा होती. पण लग्न न होणे ही काही सुटका नव्हती. विद्यापीठे, वकिली, सरकारी नोकरी, सारी दारे स्त्रीला बंद. भद्र घरातील निर्धन मुलीला उरे ती परक्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहण्याची वाट. म्हणजे ना घरच्यांत गणना, ना नोकरांत.

ऑस्टिनबाईंनी हे दोन्ही शेवट एमाच्या दारातच उभे केले आहेत. एकीकडे मिस बेट्स: पूर्वीच्या धर्मोपदेशकाची अविवाहित मुलगी, म्हाताऱ्या आईला घेऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी, शेजाऱ्यांनी पाठविलेल्या खाद्यपदार्थांबद्दल अखंड आभार मानणारी. दुसरीकडे तिची भाची जेन फेअरफॅक्स: गुणी, सुशिक्षित, पण शिक्षिकेच्या नोकरीची वाट पाहणारी. त्या नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कचेऱ्यांची तुलना जेन गुलामांच्या व्यापाराशी करते. ब्रिटिशांनी तो व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद केला होता. लेखिकेला ही व्यथा ऐकीव नव्हती. तिची जिवलग मैत्रीण ॲन शार्प हीच मुळी तिच्या भावाच्या घरी शिक्षिका होती, आणि ‘एमा’च्या मोजक्या भेटप्रतींपैकी एक तिच्याकडे गेली.

एमा मात्र म्हणते, मला लग्नाची गरज नाही. लोक हसतात ते गरीब प्रौढ कुमारिकेला, श्रीमंतीला नव्हे. तिचे म्हणणे खरेच आहे. परंतु त्यातच तिचा दोष दडलेला आहे. साऱ्या गावात जिला लग्नावाचून काही अडत नव्हते, तीच ज्यांचे लग्नावाचून सर्वस्व अडले होते त्यांच्या जोड्या जमवीत बसली होती. खेळ तिचा, पण पणाला लागलेले आयुष्य दुसरीचे.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. नाताळच्या आदल्या रात्री घोडागाडीतून परतताना एल्टनमहाशयांनी मागणी घातली ती हॅरिएटला नव्हे, खुद्द एमाला. त्यांची नजर तीस हजारांवर होती. ते हुकल्यावर थोड्याच महिन्यांत ते दहा हजारांची दुसरी वधू घेऊन आले आणि पुढे भर नृत्यसमारंभात त्यांनी हॅरिएटचा अपमान केला. मग एमाने मनातल्या मनात फ्रँक चर्चिल हा तरुण हॅरिएटसाठी योजिला. त्याने तर जेन फेअरफॅक्सशी गुप्तपणे वाङ्निश्चय केलेला निघाला. आणि शेवटी आपले मन नाइटलींवर बसले आहे असे हॅरिएटने सांगितले, तेव्हा एमाला कळले की तेच आपल्याही मनात आहेत. लहान मुलीला मोठी स्वप्ने आपणच शिकविली आणि ती आपल्याच दाराशी येऊन उभी राहिली!

कादंबरी सुखान्त आहे. मार्टिन पुन्हा मागणी घालतो आणि हॅरिएट त्याची होते, एमा नाइटलींची. हॅरिएटचा बाप सरदार नव्हे, एक खाऊनपिऊन सुखी व्यापारी निघतो. पण लेखिकेने वाचकाला पुरते फसविलेले नाही. लग्नानंतर दोघींची मैत्री हळूहळू शांत सद्भावनेपुरती उरते, हेही तिने सांगून ठेविले आहे. शिवाय एकदा नाकारलेला मनुष्य पुन्हा दारी येईलच, असा नियम कादंबरीबाहेर कोठे आहे?

लेखिकेला हे कोठून कळले? तिच्या घराण्यातच असे एक लग्न झाले होते. तिची आत्या फिलाडेल्फिया लहानपणीच पोरकी झाली, टोप्या शिवणाऱ्या बाईकडे उमेदवारीस राहिली, आणि १७५२ साली वर मिळावा म्हणून हिंदुस्थानच्या जहाजावर चढली. १७५३ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस कडलूर येथे कंपनीच्या हॅन्कॉक नावाच्या शल्यवैद्याशी तिचे लग्न लागले. त्यांच्या मुलीचे धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे आपल्या परिचयाचे झालेले तेच हे गृहस्थ. अशी लग्नासाठी बंगालला पाठविलेली आणि तेथे दुप्पट वयाच्या नवऱ्याशी असुखाने नांदणारी मुलगी जेनने आपल्या कुमारवयातील एका अपुऱ्या कथेत रंगविली आहे. स्वतः तिने डिसेंबर १८०२ मध्ये एका मोठ्या मालमत्तेच्या वारसाला रात्री होकार दिला आणि सकाळी तो परत घेतला. १८०५ मध्ये वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या आधारावर राहिल्या. नकाराची किंमत तिने स्वतः मोजली होती.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नोव्हेंबर १८१४ मधील पत्रे. ‘एमा’चे लेखन तेव्हा चालू होते. तिची भाची फॅनी नाइट त्या वेळी एकवीस वर्षांची. आई सहा वर्षांपूर्वी वारलेली, मोठ्या घराची सूत्रे हाती असलेली. प्लम्टर नावाच्या तरुणाशी लग्न करावे की नाही, हे तिने आत्याला विचारले. आत्याने प्रथम त्याचे गुण गायिले, मग प्रेमावाचून लग्नाच्या फंदात पडू नको असे बजाविले. आणि फॅनी आपल्याच शब्दावर विसंबून निर्णय घेऊ पाहते आहे असे दिसताच ती घाबरून गेली. माझ्या मतावर काहीही ठरवू नकोस, तुझ्या मनानेच ठरव, अशा अर्थाचे तिने लिहिले. माणसांच्या मनाचा एवढा ठाव जिला होता, तिने दुसरीच्या लग्नाचा भार उचलण्याचे नाकारले. फॅनीने त्या तरुणाशी लग्न केले नाही. पुढे १८२० मध्ये तिचा विवाह दुसऱ्याशी झाला. तो पाहावयास आत्या उरली नव्हती. १८ जुलै १८१७ रोजी, एकेचाळिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला होता.

एमापाशी बुद्धी होती, प्रेम होते, निर्लोभीपणाही होता. नव्हती ती फक्त ही भीती. दुसऱ्याचे स्थळ सुचविताना आपल्याही जिभेवर एक क्षणभर ती भीती यावी. मग सुचविलेले स्थळ कदाचित अधिक चांगले असेल, आणि न सुचविलेले त्याहूनही.