विजेवर स्वार झालेलं औषध

२००४ साली सचिन तेंडुलकरचं कोपर दुखावलं आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. गंमत अशी, की १८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरानं या दुखण्याचं वर्णन केलं, ते लिहून लिहून हात जायबंदी झालेल्या माणसांच्या संदर्भात. टेनिसचं नाव त्याला चिकटलं १८८०च्या दशकात. उभा जन्म लेखणी धरण्यात गेलेल्या माझ्यासारख्या कवीला म्हणूनच या दुखण्याबद्दल जरा जवळीक वाटते.

त्यावरचा एक उपचार मोठा कुतूहलाचा आहे. सुई टोचायची नाही, गोळी गिळायची नाही. विजेच्या सौम्य प्रवाहानं औषध कातडीतून आत ढकलायचं. त्याला म्हणतात आयन्टोफोरेसिस.

ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिसच्या पिवाती नावाच्या गृहस्थांनी दावा केला, की बंद काचनळीत औषध ठेवून नळी घासून विद्युतभारित केली, की औषधाचा गुण रोग्याच्या अंगात उतरतो. युरोपभर बोलबाला झाला. फ्रान्सचे विद्वान धर्मगुरू आबे नोले यांना मात्र तो प्रयोग साधेना. ते १७४९ मध्ये स्वतः इटलीत गेले, डोळ्यांनी पाहिलं, आणि दावा पोकळ असल्याचं जगाला सांगितलं.

खरा पुरावा मिळायला दीडशे वर्षं जावी लागली. फ्रान्समधल्या नांत शहरात स्तेफान लेद्युक यांनी दोन ससे एकाच विद्युतमंडलात जोडले. एकाच्या अंगावर धन टोकापाशी काजऱ्याच्या बियांतलं विष, स्ट्रिकनीन. दुसऱ्याच्या अंगावर ऋण टोकापाशी सायनाइड. प्रवाह सुरू होताच पहिल्याला झटके आले, दुसरा विषानं मेला. मग टोकांची अदलाबदल करून प्रयोग झाला, तेव्हा दोन्ही ससे सुखरूप राहिले. विष तेच, वीज तीच. फक्त दिशा बदलली होती. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हा शाळेतला नियम त्या मुक्या जिवांनी सिद्ध केला.

कोपरावर आज हेच तत्त्व चालतं. डेक्सामेथासोन फॉस्फेट या औषधाचे कण ऋणभारित असतात, म्हणून ते ऋण पट्टीखाली ठेवतात. काही मिलिअँपिअरचा प्रवाह सोडला, की थोड्या मुंग्या येतात, एवढंच.

पण गुण किती? २००३ साली अमेरिकेत १९९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना औषध दिलं, काहींना औषध नसलेला द्राव. उपचारानंतर दोन दिवसांनी औषधवाल्यांना जास्त आराम होता. महिन्याभरानं दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक उरला नव्हता. याचं एक कारण असं, की जुनाट टेनिस एल्बोत सूज फारशी नसते, स्नायूबंधाच्या तंतूंची झीज असते. औषध सुजेवरचं; झिजलेले तंतू ते सांधत नाही. तिथं हाताचा भार कमी करणं, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि धीर हेच कामी येतं. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात ओसरतं.

म्हणजे यंत्र खोटं नाही, पण त्याचं वचन छोटं आहे. दुखणाऱ्या माणसाला मोठं वचन लगेच पटतं. वेदनेला घाईच असते. म्हणून यंत्राची पट्टी बांधून घेण्याआधी आबे नोलेंसारखं शांतपणे विचारावं: यानं आराम पडेल तो किती दिवसांचा?