उपजीविकेची तजवीज

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या वतीने एक निवेदन सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे गेले. 'दीनबंधु'चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते म्हणून लोखंडे आपल्याला परिचित आहेत. या निवेदनातील आठवड्याच्या सुट्टीची मागणी इतिहासात गाजली, कारण १८९० मध्ये ती पदरात पडली. शेवटच्या मागणीकडे मात्र क्वचितच कोणी थांबून पाहते. तिचा आशय असा : काम करताना गंभीर इजा झाल्यास कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा जायबंदी झाल्यास त्याच्या उपजीविकेची योग्य ती व्यवस्था व्हावी.

या मागणीत भरपाईच्या एकरकमी पैशांचा उल्लेख नाही. उपजीविका म्हणजे उद्याचे, परवाचे आणि त्यानंतरचे जगणे. या मागणीला कायद्याने उत्तर दिले ते जवळजवळ चाळीस वर्षांनी, आणि तेही वेगळ्याच भाषेत.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याची पहिली अनुसूची साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावी अशी आहे. तिच्यात मानवी देहाची यादी आहे आणि प्रत्येक अवयवापुढे एक आकडा. उजवा हात कोपरापासून गेला तर कमावण्याची क्षमता ७० टक्के घटली, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५. देहाचे असे कोष्टक मांडण्यात एक सोय होती, हे नाकारता येत नाही. दाद मागायला आलेल्या निरक्षर कामगाराला आपल्या दुःखाचे वर्णन करावे लागत नव्हते. आकडा ठरलेलाच होता. पण कोष्टकाला देह दिसतो, धंदा दिसत नाही. सुताराचा अंगठा आणि पहारेकऱ्याचा अंगठा त्याच्या लेखी सारखाच.

कायद्याच्या व्याख्या याहून सूक्ष्म आहेत. अपंगत्व तात्पुरते असेल तर अपघाताच्या वेळी कामगार जे काम करीत होता त्यातील कमाईची घट पाहायची. कायमचे असेल तर तो जी जी कामे करू शकला असता त्या प्रत्येक कामातील घट पाहायची. या 'प्रत्येक' शब्दात एक काल्पनिक बाजारपेठ दडलेली आहे. जखमी माणूस तिच्यात उभा आहे आणि त्याच्यापुढे सर्व कामे मांडून ठेवली आहेत, असे कायदा गृहीत धरतो. ही बाजारपेठ कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत भरते, हे तो विचारीत नाही.

ज्या ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर आपला कायदा बेतला गेला, तिथे हा प्रश्न आधीच उपस्थित झाला होता. १९११ मध्ये न्यायमूर्ती फ्लेचर मोल्टन यांनी 'ऑड लॉट' ही कल्पना मांडली. व्यापाऱ्याकडे उरलेला विजोड माल असतो. तो निकामी नसतो, पण त्याला सहज गिऱ्हाईक मिळत नाही. जखमी कामगाराची श्रमशक्ती तशी झाली असेल, तर तिला गिऱ्हाईक आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी मालकाची. पुढच्याच वर्षी हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे एका कामगाराचा खटला आला. त्याचा एक डोळा पूर्वीपासूनच आंधळा होता, पण पाहणाऱ्याच्या ते ध्यानात येत नसे. अपघातानंतर तोच डोळा काढावा लागला. दृष्टी होती तेवढीच राहिली, अंगातले बळही तेवढेच. पण आता व्यंग उघड दिसू लागले आणि काम मिळेना. काम करता येणे आणि काम मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि काम न मिळणे हीदेखील अक्षमताच, असे लॉर्ड्सनी मान्य केले.

हा निकाल मनात ठेवून गिरणगावाकडे पाहावे. मागावरून उसळलेला धोटा विणकराचा डोळा घेऊ शके. अशा विणकराचे पुढे काय होणार, हे अनुसूचीतल्या ३० या आकड्यावर थोडेच अवलंबून होते. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची गर्दी असे आणि त्यातून माणसे निवडण्यात जॉबरचा शब्द चाले. १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची योजना आली ती जॉबरचे हे वजन कमी करण्यासाठीच. राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की मुंबईतील कामगाराचे काम, कर्ज, खोली आणि आजारपणातला आधार हे सारे वस्तीच्या आणि गावच्या नात्यांत गुंतलेले होते. जखमी माणसासाठी जवळपास कोणते काम आहे, याचा अदमास कमिशनरच्या कचेरीत कोणी घेत नव्हते. तो घेतला जाई चाळीत. आणि तिथे उत्तर सापडले नाही तर वाट कोकणाकडे किंवा घाटावर परत जात असे.

स्वतंत्र भारतात न्यायालये हळूहळू या प्रश्नाकडे वळली. १९६८ मध्ये ओडिशातील जयपूर येथे एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. अपंगत्व अंशतःच आहे, हा मालकाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये फेटाळला : सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याची हानी शंभर टक्के. ऑक्टोबर २०१० मध्ये, एका वाहन अपघाताच्या प्रकरणात, याच न्यायालयाने सांगितले की डॉक्टरने दिलेली टक्केवारी म्हणजे कमाईची घट नव्हे. हात गेलेल्या चालकाचे सारेच जाते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने तर अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू नये, झेपेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यावे, असे सांगितले. २०१६ च्या कायद्यात हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी कारखान्यातील कामगार त्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

म्हणजे धंदा दिसू लागला, पण ठिकाण अजून दिसत नाही. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळमधील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. तिथल्या जखमी कामगाराला पूर्वी निदान एखादे हलके काम मागायला शेजारची गिरणी होती. नंतर ती गिरणीच उरली नाही. त्याचा देह तोच, अनुसूचीतला आकडाही तोच, पण पायी जाता येईल अशा अंतरावरचे काम नाहीसे झाले. ही हानी कोणत्या रकान्यात लिहायची?

संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९२३ चा कायदा सामावून घेतला गेला आणि अवयवांची यादीही तिच्यासोबत पुढे आली. ती असावीच, किमान हक्काची ती खूण आहे. पण १८८४ च्या निवेदनाने विचारले होते ते वेगळे होते : हा माणूस आता, इथे, कशावर जगेल? आकड्याने त्या प्रश्नाची बाजू सावरली असेल, पण त्याचे उत्तर दिलेले नाही.