पांढऱ्या पेशींच्या मागावर : परळच्या टाटा रुग्णालयाची वाटचाल

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाला महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नुसते ‘टाटा’ म्हणतात. ‘त्याला टाटाला नेलंय’ एवढ्या तीन शब्दांत गावाला काय ते समजते. कर्करोगाच्या सर्व प्रकारांवर उपचार करणाऱ्या या संस्थेचे मूळ मात्र एकाच आजारात आहे. तो आजार म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, ल्युकेमिया.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने निधन झाले. पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन केला. रक्ताच्या विकारांवर, विशेषतः ल्युकेमियावर जगात कुठेही संशोधन करणाऱ्यांना साहाय्य देणे हा त्याचा हेतू होता. ३ जून १९३२ रोजी दोराबजीही गेले. मुंबईत कर्करोगाचे रुग्णालय उभारण्याचे काम पुढे सर दोराबजी टाटा न्यासाने हाती घेतले आणि तडीस नेले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळच्या सात मजली इमारतीचे उद्घाटन झाले. ८० खाटा आणि वर्षाला ५ लाख रुपयांचा खर्च, अशी ती सुरुवात होती.

काळ महायुद्धाचा होता. कर्करोग म्हणजे मरणच, अशी लोकांची ठाम समजूत होती आणि रुग्ण येत ते बहुधा सगळे उपाय थकल्यावर. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार एवढीच साधने हाताशी होती. गाठ कापता येते, जाळता येते; पण ल्युकेमिया रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतो, तो कापणार कुठे? मेहेरबाईंच्या आजाराच्या दुःखातून जे रुग्णालय उभे राहिले, त्याच्याकडे त्या आजारावर औषध नव्हते. जगातही कोणाकडे नव्हते. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना औषधाने तात्पुरता उतार पाडून दाखवला, तोच मुळी १९४८ साली.

औषध नव्हते, पण काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक होते. प्रयोगशाळांची धुरा पहिल्यापासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते याच कामामुळे. ल्युकेमियाचे निदान त्या काळी ज्या रीतीने सुरू होई, त्या रीतीने ते आजही सुरू होते. हाडात जाड सुई घालून मज्जेचा थेंब काढायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो काचेवर पातळ ओढायचा, वाळला की रंग चढवायचा आणि भिंगाखाली एकेक पेशी ओळखत मोजायची. रंग चढला की पेशीचे केंद्रक जांभळे दिसते आणि तिचे वय, कूळ, काम असे सगळे त्यावरून वाचता येते.

निरोगी मज्जेत दिसते ते असे. एकाच मूळ पेशीपासून दोन घराणी निघतात. एका घराण्यात न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल आणि मोनोसाइट, दुसऱ्यात लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल सर्वांत संख्येने मोठे. जंतू दिसला की गिळायचा आणि त्यातच मरायचे. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच कलेवरे. रक्तातले त्यांचे आयुष्य जेमतेम दिवसाचे, म्हणून मज्जेला रोज सुमारे दहा हजार कोटी नवे न्यूट्रोफिल घडवावे लागतात. मोनोसाइट रक्तातून ऊतींमध्ये उतरून तिथली साफसफाई करतात, इओसिनोफिल जंतांशी लढतात आणि ॲलर्जीत भाग घेतात, बेसोफिल सूज चेतवणारी द्रव्ये सोडतात. लिम्फोसाइटांपैकी बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. टी पेशी मज्जेत जन्मतात, पण घडतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. विषाणू शिरलेली पेशी ओळखून मारणे हे त्यांचे काम. एकदा भेटलेला शत्रू वर्षानुवर्षे लक्षात ठेवणाऱ्या पेशीही याच घराण्यातल्या. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या सगळ्या मिळून साधारण ४ ते ११ हजार असतात.

तीव्र ल्युकेमियात हे घडणेच थांबते. पेशी ब्लास्ट नावाच्या कोवळ्या अवस्थेत अडकतात आणि तशाच वाढत सुटतात. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर दिसतात आणि तरीही साध्या तापाशी लढायला एकही धड पेशी नसते. हा आजार समजून घेणे सर्वांत अवघड जाते ते इथेच, आणि वॉर्डातले डॉक्टर नातेवाइकांना तो समजावतातही इथूनच.

१९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून आल्या होत्या. शरीराबाहेर पेशी वाढवणारी देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभी केली. ल्युकेमियाच्या कारणांचा शोधही त्यांच्या कामाचा भाग होता. मराठी वाचकाने अभिमानाने सांगावे असे हे नाव आहे. शस्त्रक्रियेची बाजू गोव्याच्या मातीतले डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी १९६९ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळली. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

१९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा होते; मेहेरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

औषधे आली तरी वाट सोपी झाली नाही. मुलांच्या ल्युकेमियाचा उपचार दोन वर्षांहून अधिक चालतो. परदेशातली औषधयोजना जशीच्या तशी दिली तर कुपोषित, जंतुसंसर्गाने पोखरलेली मुले ती सोसू शकत नसत. म्हणून १९८० च्या दशकात चेन्नई आणि दिल्लीच्या संस्थांबरोबर टाटाने ‘एमसीपी-८४१’ ही इथल्या परिस्थितीला झेपेल अशी योजना राबवली आणि बरी होणारी मुले स्पष्टपणे वाढली. तरीही पैसे संपले, शेतीची कामे आली, मूल बरे दिसू लागले, म्हणून उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारी कुटुंबे होतीच. त्यांना धरून ठेवले ते समाजसेवा विभागाने, परळच्या नाना पालकर स्मृती समितीने, दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेने. राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर औषध फुकट असूनही उपयोग नसतो, हे टाटाच्या आवारात कोणालाही सांगावे लागत नाही.

१९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण याच रुग्णालयात केले. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओ झालेले अडवाणी चाकांच्या खुर्चीतून वॉर्डाची फेरी घेत. सिएटलमध्ये त्यांनी हे तंत्र पाहिले होते, पण इथे सगळे नव्याने उभे करायचे होते. प्रत्यारोपणात आधी रुग्णाची सारी मज्जा औषधांनी पुसून टाकतात, मग दात्याच्या मूळ पेशी शिरेतून सोडतात. त्या आपणहून हाडांत जाऊन वसतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्णाच्या रक्तात पांढरी पेशी जवळजवळ नसते. बंद खोली, उकळलेले पाणी, मास्क, दाराशी पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या परिचारिका. रोज सकाळी रक्त जाते आणि दुपारी ‘काउंट किती?’ हा एकच प्रश्न असतो. शून्य, शून्य, पन्नास, एकशे वीस. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की नवी मज्जा रुजली असे म्हणतात. काचेपलीकडे उभ्या आईला ५०० हा आकडा कधीच विसरता येत नाही.

पुढे संस्थेने खारघरला ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन संकुल उभारले आणि प्रत्यारोपण विभागही तिकडे गेला. २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे स्थापन झाले, २०१९ मध्ये वाराणसीचे रुग्णालय सुरू झाले. खाटांची संख्या ८० वरून कुठल्या कुठे गेली.

खारघरलाच ४ जून २०२१ रोजी देशातला पहिला कार-टी उपचार झाला. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने हे तंत्र घडवले. टाटाच्या बाजूने डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांनी ते रुग्णांपर्यंत नेले. रुग्णाच्याच टी पेशी काढून घ्यायच्या, बी पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखणारे जनुक त्यांत घालायचे, पेशी वाढवायच्या आणि परत शिरेतून द्यायच्या. बिघडलेल्या पांढऱ्या पेशीला शोधून मारते ती रुग्णाची स्वतःचीच पांढरी पेशी. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी हा उपचार देशाला अर्पण केला. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला, आणि हे सर्व असे रुग्ण होते, ज्यांचा आजार आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता.

सीडी-१९ ची खूण निरोगी बी पेशींवरही असते, त्यामुळे या उपचारात त्याही मारल्या जातात आणि प्रतिपिंडे घटतात. अशा रुग्णांना संसर्गापासून जपणे, गरज पडेल तशी बाहेरून प्रतिपिंडे देणे आणि आजार उलटत नाही ना हे वर्षानुवर्षे पाहणे, हे काम खारघरला चालू आहे. त्या पाठपुराव्यातही रुग्णाचे रक्त काढले जाते, आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या जातात.