दिंड

नागपंचमीला, म्हणजे श्रावण शुद्ध पंचमीला, करावयाचे पुरणाचे उकडलेले पक्वान्न. अनेकवचन दिंडे, बोलीत दिंडं. या दिवशी चिरू नये, तळू नये, चुलीवर तवा ठेवू नये, असा संकेत असल्याने वाफेवरच्या पदार्थाला मान मिळाला. फलटणसह सातारा-सांगली भागात ते गव्हाच्या कणकेचे करतात. कोकण-गोव्यात त्याच सणाला हळदीच्या पानात तांदळाच्या पिठीचे पातोळे होतात. आग्नेय आशियातील केळीच्या पानात उकडलेले चिकट तांदळाचे पदार्थ, उदा. फिलिपीन्समधील सुमन, याच जातकुळीचे. त्या चिकट तांदळात अमायलोज हा स्टार्चचा घटक जवळपास नसतो, म्हणून तो शिजल्यावर एकजीव होतो. कणकेत ते काम ग्लूटेन करते.

हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून येळवणी, म्हणजे डाळ शिजल्यावरचे पाणी, काढतात. त्याची आमटी त्याच जेवणात होते. डाळीत गूळ, वेलदोडा, जायफळ घालून पुरण घट्ट आटवावे. सैल पुरण वाफेत हमखास फुटते. घट्ट कणकेची पुरी लाटून मधोमध पुरण ठेवायचे, समोरासमोरच्या कडा एकमेकींवर दुमडून चौकोनी घडी करायची आणि ती बाजू खाली ठेवायची. तूप लावलेल्या चाळणीत, उकळत्या पाण्यावर उकडायला 12 ते 15 मिनिटे पुरतात. झाकणाचे पाणी ठिबकू नये म्हणून त्याला फडके बांधावे. कणकेचा पांढुरका रंग जाऊन तकाकी आली की दिंड शिजले. ते गरम असतानाच फोडून वर भरपूर साजूक तूप घालून खावे. गार झाल्यावर पारी चिवट होते.